अर्ध्या सेकंदाचा हिशेब

गेल्या कोजागिरीला आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मसाला दूध संपलं, अंताक्षरी रेंगाळली आणि नेहमीप्रमाणे आम्हा चार-सहा जणांचा एक कोपरा जमला. पुण्याहून मुलीकडे आलेले एक काका हेल्मेटसक्तीवर तावातावाने बोलत होते. "डोकं माझं. फुटलं तर माझं फुटेल. सरकारला काय करायचंय?" पुण्यात २०१९च्या जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले होते, हे पुणेकर वाचकांना आठवत असेलच. खरं तर कायदा जुनाच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं १२९ क्रमांकाचं कलम दुचाकीवर बसणाऱ्याला हेल्मेट घालायला सांगतं. पण कायदा असणं आणि तो पुणेकराला पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

मी म्हटलं, "काका, तुम्ही इकडेच राहायला या. इलिनॉयमध्ये मोटरसायकलवाल्याला हेल्मेटची सक्ती नाही. डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल मात्र लागतो." सगळे हसले. काका म्हणाले, "बघा! याला म्हणतात स्वातंत्र्य."

मीही हसलो. पण घरी परतताना गाडीत गप्प होतो. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पुलाची आठवण झाली." तिने पुढे काही विचारलं नाही. तो पूल तिला लग्नापासून माहीत आहे.

माझं बालपण फलटण तालुक्यात गेलं. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उसाचा मुलूख. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याला फाटे, फाट्यांना चाऱ्या, आणि जिथे रस्ता पाणी ओलांडतो तिथे एक लहानसा पूल. पाण्याची पातळी काही बदलता येत नाही, म्हणून रस्त्यालाच पाठ उंच करून पाण्यावरून जावं लागतं. सपाट रानात मधेच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा येतो तो असा. बैलगाडीवाल्यांना तो चढ नकोसा वाटे. आम्हा पोरांना मात्र तो देवाने आमच्यासाठीच करून ठेवलाय असं वाटायचं.

कारण काकांकडे येझदी होती. ज्यांनी येझदी किंवा जावा चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: तीच दांडी किक, तीच दांडी गिअर, आणि दोन सायलेन्सरांचा तो आवाज. वीस वर्षांचा असताना मला एक शोध लागला. ठरावीक वेगाने त्या पुलावर गेलं की माथ्यावर गाडी जमीन सोडते. दोन्ही चाकं! पोटात गोळा येतो, आवाज एकदम मोकळा होतो, आणि क्षणभर आपण कुणाचेच नसतो.

आपल्या मंडळात इंजिनिअर भरपूर, म्हणून त्यामागचं गणित सांगतो. उंचवट्याचा माथा हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा समजा. वेगाचा वर्ग हा त्या वर्तुळाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारापेक्षा जास्त झाला की गुरुत्वाकर्षण गाडीला रस्त्याला धरून ठेवायला पुरत नाही. त्रिज्या तीस मीटर असेल तर ताशी बासष्ट किलोमीटरला हे घडतं. गाडीचं वजन, मागे बसलेल्याचं वजन, यांचा त्यात संबंधच येत नाही. अर्धा सेकंद हवेत राहिलात तर जेमतेम फूटभर वर जाता आणि साडेआठ मीटर पुढे. मात्र त्या अर्ध्या सेकंदात ब्रेकचा उपयोग नाही आणि हँडलचाही नाही, कारण या दोन्ही गोष्टी टायरच्या पकडीवर चालतात आणि टायरखाली काहीच नसतं. जे काही ठरवायचं ते जमिनीवर असतानाच ठरवून झालेलं असावं लागतं.

१९८३च्या मार्चमधली गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. माझ्या मागे काकांचा मुलगा बसला होता, वय वर्षं चौदा. तो मला दादा म्हणायचा आणि मी जे करीन ते त्याला ग्रेट वाटायचं. आम्ही उडालो. आणि हवेत असताना दिसलं की पुलापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, उसाची बैलगाडी उभी आहे. चाकं टेकली, मी हँडल वळवलं आणि आम्ही चारीच्या कडेला आदळलो. मला खरचटलं. त्याचा डावा कोपर मोडला. हाड पुढे जुळलं, पण हात काही पूर्ण सरळ झाला नाही. आजही होत नाही.

घरी मी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. काकूने बिचारीने विश्वास ठेवला. मलाच हळद लावून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा मला सायकलवर डबलसीट घेऊन त्या पुलावर गेले. रस्ता मुरमाचा होता, धुळीत सगळं उमटायचं. त्यांनी मला टायरची रेघ दाखवली. माथ्यावर ती संपत होती. मग अण्णांनी पावलं मोजली; जमीन पावलांनी मोजायची त्यांना नोकरीमुळे सवयच होती. बारा पावलांनंतर रेघ पुन्हा सुरू होत होती. "कुत्रं आडवं आलं असतं तर रेघ वाकली असती," ते म्हणाले. "मधेच नाहीशी झाली नसती."

मी खाली मान घालून उभा. वाटलं, आता फटका बसणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "उडवणार आहेस हे त्याला सांगितलं होतंस?"

"तोच म्हणत होता, अजून जोरात, दादा."

"ते नाही विचारलं मी," अण्णा म्हणाले आणि सायकलला टांग मारली. काकूला खरं काय ते मी त्याच रात्री सांगितलं. अण्णांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण तो प्रश्न गेली चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे.

पुढे कॉलेजात जॉन स्टुअर्ट मिल वाचनात आला. १८५९ सालचा त्याचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ. आगरकरांच्या पिढीने मिल वाचला, पचवला आणि आपल्याकडच्या सुधारणेच्या वादात उतरवला, त्यामुळे तो आपल्याला तसा परका नाही. मिलचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्याला इजा होणार असेल तरच समाजाने माणसाला अडवावं, नुसतं त्याच्याच भल्यासाठी म्हणून अडवू नये. आणि योगायोग पाहा, त्याने दिलेलं उदाहरण पुलाचंच आहे. एखादा माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकतोय, धोका नक्की आहे आणि त्याला सांगायलाही वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढावं. त्यात त्याच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही, कारण नदीत पडायची त्याची काही इच्छा नसते. पण धोका नुसता संभवत असेल, तर त्याला तो सांगावा आणि पुढचं त्याच्यावर सोडावं. मुलांना मात्र मिल यातून वगळतो. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराचं "अजून जोरात" हे मिलच्या हिशेबातही संमती धरता येत नाही. अण्णांनी मिल वाचला नव्हता. पण ते नेमके तिथेच पोचले होते.

मात्र मी एकटाच असतो तर? हा प्रश्न उरतोच. तो इथल्या कोर्टांनाही पडला. १९६६च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर केंद्र सरकारने राज्यांवर दबाव आणला की हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांसाठीच्या निधीला कात्री लागेल. बहुतेक राज्यांनी कायदे केले आणि मोटरसायकलवाले कोर्टात गेले. आपल्या इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली कायदा रद्द केला; आपलं डोकं सांभाळणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असा त्याचा एकूण सूर होता. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फेडरल कोर्टाने नेमकं उलट सांगितलं. त्यांचा मुद्दा साधा होता. माणूस रस्त्यावर पडला की त्याला उचलतं कोण? समाजच उचलतो. दवाखान्यात नेतो, उपचार करतो, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं ओझंही वाहतो. मग माझं मी बघून घेईन, हे म्हणणं कुठे टिकतं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल कायम केला. पुढे १९७६ मध्ये काँग्रेसने निधीची अट काढून टाकली आणि एकेक राज्य मागे फिरलं. आज इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या तीन राज्यांत हेल्मेटचा कायदाच नाही, तर इतर अनेक राज्यांत तो फक्त तरुणांपुरता आहे.

माझ्यापुरता हा सगळा वाद पुस्तकी होता. २०१५ साली तो घरात आला.

आमचा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. नोकरी लागली आणि पहिल्या वर्षाच्या पैशांतून त्याने मोटरसायकल घेतली. बायकोने दोन दिवस अबोला धरला. मी वरवर समजूतदार बापाचं सोंग घेतलं. एका शनिवारी मी त्याच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत असताना एक व्हिडिओ दिसला. आपल्यापैकी पुष्कळ जण पानगळीचे रंग बघायला गलीनाला जातात. सपाट इलिनॉयचा तो एक डोंगराळ कोपरा. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी राज्याचा बहुतेक भाग रंधा मारल्यासारखा सपाट केला, हा कोपरा मात्र सुटला. तिथल्या एका गावरस्त्यावर उंचवटा होता, आणि त्यावरून माझा मुलगा उडत होता. दोन्ही चाकं!

खरं सांगतो, पहिल्या क्षणी माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. आनंदाचा. भीती दुसऱ्या क्षणी आली.

संध्याकाळी मी त्याला बसवून घेतलं. येझदीची, पुलाची, काकाच्या हाताची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "बाबा, मी तुमच्यासारखं नाही केलं. आधी तीनदा स्लो गेलो. पलीकडे काय आहे ते चालत जाऊन बघितलं. मित्र टेकडीवर उभा होता, समोरून गाडी आली तर हात दाखवायला. मागे कुणी नव्हतं. हेल्मेट होतं, आर्मर होतं. इथे हेल्मेटचा कायदा नसूनही." हेल्मेट चालकाचा मृत्यू टाळण्यात सुमारे सदतीस टक्के परिणामकारक ठरतं, हा सरकारी आकडाही त्याने मला ऐकवला. पोरगं माझ्यापेक्षा शहाणं होतं यात शंकाच नाही.

मी अण्णांचं अस्त्र काढलं. "पण आम्हाला सांगितलं होतंस?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "तुम्ही अमेरिकेला येताना आजोबांना विचारलं होतं?"

असे प्रश्न मुलं ठरवून विचारत नाहीत, आणि म्हणूनच ते वर्मी लागतात. मी विचारलं नव्हतं. १९८८ मध्ये ॲडमिशन, असिस्टंटशिप, व्हिसा, सगळं झाल्यावर मी अण्णांना सांगितलं की ऑगस्टमध्ये निघतोय. आई आदल्याच वर्षी गेली होती. अण्णा म्हणाले, "बरं. पोचलास की कळव." इथे आल्यावर मी पत्र टाकलं, ते त्यांना सतराव्या दिवशी मिळालं. ते सतरा दिवस अण्णा रोज दुपारी ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसायचे, हे मला फार उशिरा, त्या हात वाकड्या भावाकडून कळलं. १९९९ मध्ये अण्णा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. अग्नी त्याच भावाने दिला होता. माझ्या उडीचं ओझं दुसऱ्यांदा त्याच हातावर आलं.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने अशी एक उडी मारलेली आहे. दोन सुटकेसी आणि थोडे डॉलर घेऊन आपण जमीन सोडली, त्याचं कौतुक आपण याच स्मरणिकेतून दरवर्षी वाचतो, आणि ते खोटंही नाही. पण आपण हवेत असताना खाली जे उभे होते, त्यांचा हिशेब आपण फारसा मांडत नाही.

आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. मिल म्हणतो, तुझा जीव तुझा. ही ऋणाची कल्पना म्हणते, तो तुझ्याकडे येतानाच दुसऱ्यांच्या खात्यावरून आलाय. तरुणपणी मला मिल पटायचा, वय वाढल्यावर ऋण पटू लागलं. यात नवल काहीच नाही, बाप झाल्यावर सगळ्यांनाच ते पटतं! पण ऋणाचा हिशेब फार ताणला तर त्याची बेडी होते. अण्णांनी तो ताणला असता तर मी आज इथे नसतो. धोका नको म्हणून कुणी घर सोडलंच नाही, कुणी गाडीवर बसलंच नाही, अशा जगात राहायला मलाही आवडणार नाही. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून मोटरसायकलींची शर्यत होते. तिच्या वाटेवर बॅलॉ नावाच्या गावात असाच एक उंच पाठीचा पूल आहे आणि तिथे गाड्या हवेत जातात. त्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार गेले. तरीही स्वार येतात. त्यांना वेडे म्हणायची माझी छाती होत नाही, कारण तो अर्धा सेकंद मला माहीत आहे. तिथे निदान रस्ता बंद केलेला असतो, पलीकडे बैलगाडी नसते, आणि घरच्यांना आपलं माणूस आज कुठे आहे ते ठाऊक असतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक तडजोड काढली आहे. आपली उडी ज्यांच्या अंगावर येणार, त्यांना आपल्याला अडवायचा हक्क नाही. पण कळायचा हक्क आहे. भारतात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. घराघरात तो बहुधा त्याआधीपासूनच आहे, फक्त आपण अर्जाला उत्तर देत नाही. न सांगता घेतलेला धोका हा एकट्याचा राहत नाही. त्यात लबाडी मिसळते, मग ते कुत्रं आडवं आल्याचं खोटं असो की सगळं ठरल्यावर कळवलेली तारीख असो. आणि सांगायची वेळ जमिनीवर असतानाच असते. हवेत गेल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही.

हे उत्तर पुरं नाही, हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे फलटणला गेलो होतो. तो पूल आता रुंद झालाय, डांबरी रस्ता दुरूनच हळूहळू चढतो, कुणाची गाडी उडायची नाही. भाऊ डाळिंबाच्या बागेतून भेटायला आला. तिथे उभं राहून मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं, "तुला आधी सांगायला हवं होतं."

तो हसला. "सांगितलं असतंस तरी मी बसलोच असतो, दादा."

"म्हणून तर," मी म्हटलं. पुढे काही सुचलं नाही. माझ्या मुलाने त्याला विचारलं, "काका, भीती वाटली होती?" भाऊ म्हणाला, "हवेत नाही वाटली. खाली आल्यावर दादाचं तोंड बघून वाटली."

मुलगा आता मॅडिसनला असतो. त्याला दीड वर्षांची मुलगी आहे. मोटरसायकल त्याने विकलेली नाही, आणि मीही विक म्हटलेलं नाही. सूनबाईंना सगळं माहीत आहे आणि त्यांचं काय ठरलं ते त्यांचं. मात्र गाडी काढली की तो मला मेसेज करतो, "निघतोय." घरी आला की, "पोचलो." त्या दोन मेसेजच्या मधल्या वेळात मी बागेत काहीतरी खुरपत असतो. बायको म्हणते, तेवढंच गवत निघतं.

कोजागिरीच्या त्या रात्री पुण्याचे काका निघताना पार्किंग लॉटपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. दोन दिवसांनी त्यांची परतीची फ्लाइट होती. त्यांची मुलगी गाडीचं दार उघडता उघडता त्यांना बजावत होती, "बाबा, मुंबईला उतरलात की आधी मला फोन करा हं, मग टॅक्सी."

काका म्हणाले, "हो गं. करतो."